जुन्या क्वाडची पुढची चाकं: टाय रॉडला पाना लावण्याआधी या चुका टाळा

सोयाबीन निघालं, शेतं मोकळी झाली की इंदूरच्या आसपासच्या फार्महाउसांवरच्या क्वाड बाइक, म्हणजे जाड टायरांच्या चारचाकी बाइक, पिकअपमध्ये चढून माझ्याकडे यायला लागतात. राऊ, महू, सिमरोल, चोरल, सगळीकडून. तक्रार एकच असते: गाडी एका बाजूला ओढते, अलाइनमेंट करून द्या. मी आधी टाय रॉडचे, म्हणजे हँडलची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, लॉकनट बघतो. बहुतेक वेळा त्यांचे कोपरे गोल झालेले असतात. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी पाना लावून गेलंय, आणि तरीही गाडी ओढतेच आहे.

टाय रॉड सगळ्यात बाहेर असतो, हाताला लागतो, म्हणून पाना आधी त्याच्यावर जातो. खरं तर तो सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो. जे ढिलं आहे, जे वाकलंय, ते आधी सापडलं पाहिजे.

वाकलेला ए-आर्म टाय रॉडने झाकणं

ए-आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण तिच्यात माणूस पडतो.

दोन वर्षांपूर्वी चोरलकडच्या एका गृहस्थांनी २५० सीसीची जुनी क्वाड विकत घेतली. डावीकडे ओढत होती. मार्चचे दिवस होते. "काका, रंगपंचमीला पाहुणे येणार आहेत, मुलं चालवतील. तेवढी चाकं सरळ करून द्या," म्हणाले. इंदूरला रंगपंचमी म्हणजे गेर, रंगांची मिरवणूक, सगळं शहर रस्त्यावर, त्यानंतर दोन दिवस कुणी कामाला लागत नाही. मी त्यांच्या घाईला बळी पडलो. टो, म्हणजे दोन्ही चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत ते, मोजला, बसवला, गाडी दिली.

तीन आठवड्यांनी ती परत आली. डाव्या टायरची बाहेरची कड पार गुळगुळीत, आतला धागा दिसायला लागलेला. आता मी खाली बसून नीट बघितलं. डाव्या टाय रॉडचे तीनच आटे बाहेर होते, उजव्याचे अकरा. ठाकठीक गाडीत दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आटे दिसतात. एवढा फरक असला की समजायचं, एका बाजूचं काहीतरी वाकलंय आणि कुणीतरी रॉड आखूड करून त्याची भरपाई केलीय. शिवाय पूर्ण गाडीवर काळी माती वाळलेली, आणि एकट्या डाव्या खालच्या ए-आर्मवर काळा रंग चकचकीत. हे मला पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं.

दोन्ही खालचे आर्म काढले आणि काचेवर एकमेकांसमोर ठेवले. सांगाड्याकडच्या बुशच्या मध्यापासून चाकाकडच्या बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंत डावा आर्म ९ मिलिमीटर कमी भरला. खालचा आर्म आखूड झाला की चाकाचा खालचा भाग आत येतो, वरचा बाहेर झुकतो. टायर बाहेरच्या कडेवर चालतो आणि गाडी त्याच बाजूला ओढते. टो कितीही बरोबर केला तरी हा झुकाव जात नाही. बऱ्याच साध्या क्वाडवर हा झुकाव, म्हणजे कॅम्बर, बदलायची सोयच नसते.

मग रंग खरवडला. बॉल जॉइंटच्या घराजवळच्या वेल्डिंगला रॉकेल चोळलं, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि वर पांढऱ्या खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली, साधारण दोन सेंटीमीटर लांब. तडा. आतलं रॉकेल बाहेर येऊन खडूत भिजलं होतं. याच गाडीवर त्यांची चौदा वर्षांची मुलगी उतारावरून खाली आली होती. तो आर्म मी अजून जपून ठेवलाय. घाई करणाऱ्याच्या हातात आधी तो देतो.

आर्म तापवून, ठोकून सरळ करून देणारे पुष्कळ मिळतात. मी करत नाही आणि कुणी करू नये. नवा आर्म लावायचा. मागवताना बुशमधलं अंतर आणि बॉल जॉइंटचं माप जुन्याशी ताडून बघा, कारण चिनी बनावटीच्या गाड्यांचे आर्म दिसायला सारखे असले तरी मापं वेगळी निघतात.

ढिलाई न शोधता माप घेणं

पुढचा भाग जॅकवर घ्या. चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. खटखट आली तर संशय टाय रॉड एंडवर, म्हणजे रॉडच्या टोकाच्या सांध्यावर. मग वर-खालून धरून हलवा. इथे खटखट आली तर कुणाला तरी पुढचा ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर चाकाचं बेअरिंग गेलंय, तरीही राहिली तर बॉल जॉइंट किंवा बुश. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा: एक बोट जॉइंटवर टेकवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगितलं की ठोका नेमका कुठे आहे ते कळतं. हँडलच्या दांड्याचं खालचं बेअरिंग लोक हमखास विसरतात. ते झिजलं असेल तर आज घेतलेलं माप उद्या वेगळं येईल, आणि तुम्ही रोज रॉड फिरवत बसाल.

टेप कुठेही धरून "बरोबर आहे" म्हणणं

नवशिके बंपरखाली वाकून रिमच्या पुढच्या कडांवर टेप धरतात, मागे इंजिन आडवं येतं म्हणून तिथे अंदाज घेतात आणि काम झालं म्हणतात. जुन्या गाडीचा रिम बहुधा थोडा तरी मार खाल्लेला असतो. त्याच्या कडेवरून घेतलेलं माप रिमचा वाकडेपणा दाखवतं, चाकांची दिशा नाही.

माझी पद्धत जुनी आहे, तिला वेळ लागतो. चाक उचलून फिरवायचं आणि फळीवर टेकवलेला खिळा टायरच्या मध्यावर धरून गोल रेघ ओढायची. गाडी सपाट फरशीवर उतरवायची, हँडल सरळ करून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी मागच्या कॅरियरला दोन्हीकडून बांधायचं. सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाएवढी पोती ठेवायची, कारण वजन पडलं की गाडी खाली बसते आणि टो बदलतो. मग गाडी दोन मीटर पुढे ढकलायची. फक्त पुढे. मागे ओढली की जॉइंटमधली उरलीसुरली ढिलाई उलट्या बाजूला जाते.

आता हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवर टायरच्या पुढच्या बाजूला रेघेवर खूण करायची आणि तिथून गवंड्याचा ओळंबा फरशीवर सोडायचा. दोन्ही चाकांचे ठिपके फरशीवर, मधलं अंतर टेपने. मग चाक बरोबर अर्धा फेरा होईपर्यंत गाडी पुढे ढकलायची. त्याच खुणा मागे येतात. पुन्हा ओळंबा, पुन्हा माप. खुणा त्याच असल्यामुळे रिमचा वाकडेपणा मापातून निघून जातो. इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेला हा पितळी ओळंबा मी इतर कुठल्याही हत्यारापेक्षा जास्त जपतो.

पुढचं माप कमी तर टो-इन, जास्त तर टो-आऊट. किती हवा ते गाडीच्या पुस्तकात बघा. पोलारिस कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांना साधारण ३ ते ६ मिलिमीटर टो-आऊट लागतो, तर पुष्कळ स्पोर्ट क्वाड किंचित टो-इनवर चालतात. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. ज्या गाडीचं पुस्तकच नाही, तिला मी ३ ते ५ मिलिमीटर टो-इन देतो आणि टायर कसा झिजतो ते बघतो.

"दोन सेंटीमीटरने काय होतं?" असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब सांगतो. १९ इंची टायरवर पुढच्या-मागच्या मापात २० मिलिमीटरचा फरक असेल, तर प्रत्येक चाक दर मीटरला साधारण दोन सेंटीमीटर आडवं घासत जातं. एका किलोमीटरला वीस मीटर.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पंक्चरवाल्याकडे स्कूटरसारखी हवा भरून घेऊ नका. बहुतेक क्वाडना ३ ते ७ पीएसआय लागते आणि पंपावरचं गेज एवढं कमी धड दाखवतच नाही, म्हणून कमी दाबाचं वेगळं गेज घ्या.

हवा सारखी असूनही ओढत असेल तर दोन्ही टायरांचा घेर टेपने मोजा, मग त्यांची अदलाबदल करून बघा. ओढ बाजू बदलते का? मग दोष टायरचा.

चाक हाताने फिरवून बघा. चिकटलेला ब्रेकसुद्धा गाडी ओढतो.

दोन्ही पुढच्या शॉकअपचा ताण सारखा आहे का, हे स्प्रिंगखालच्या कड्यावरून बघा.

पडलेल्या गाडीचं हँडल क्लँपमध्येच फिरलेलं असू शकतं. ते सरळ दिसावं म्हणून टाय रॉड हलवू नका, क्लँप सैल करा.

आपल्या माळव्याची काळी माती रिमच्या आत वाळून दगडासारखी होते आणि चाक थरथरतं. आधी चाकं आतून धुवा.

डांबरी रस्त्यावर चाचणी घेऊ नका. रस्ता कडेला उतरता असतो, डावीकडून चाललं की चांगली गाडीही डावीकडेच जाते. सपाट मैदान शोधा आणि दोन्ही दिशांनी चालवा.

शेवटी पाना

एवढं सगळं झाल्यावर लॉकनट सोडा. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे तिथला नट उलटा सुटतो. जोर लावून कोपरे गोल होतात ते इथेच. दोन्ही रॉड सारखेच फिरवा, पाव-पाव फेरा, नाहीतर टो बरोबर येईल आणि हँडल वाकडं राहील. टाय रॉड अॅक्सलच्या मागे असेल तर लांब केल्याने टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट. दोन्ही टोकांचे आटे पुरेसे आत आहेत ना, ते बघा. लॉकनट आवळताना रॉड एंड दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. तो तिरपा आवळला गेला तर चाक पूर्ण वळवल्यावर अडकतो. हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा, स्प्लिट पिन नवी घाला आणि नटावर रंगाची एक रेघ मारा.

वीसेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा खाली बसा. रेघ सरकली असेल तर नट सुटलाय. सरकली नसेल तरी ओळंबा एकदा पुन्हा सोडा.