आपल्या भागाची बातमीदारी जगवायची, तर लोकांना कसं जमवायचं?

लॉस एंजेलिसला खेटून बेल नावाचं एक छोटं शहर आहे. वस्ती सुमारे 36 हजार, बहुतेक कष्टकरी. जुलै 2010 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने छापलं की या शहराचा मुख्य प्रशासकीय अधिकारी वर्षाला जवळजवळ 8 लाख डॉलर पगार घेतो. त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पगार 4 लाख डॉलर होता. शहराच्या बैठकांना नेमाने जाऊन बसणारा बातमीदार तोवर उरलेला नव्हता, म्हणून हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. बातमी आली तशी माणसं सभागृहात लोटली आणि काही महिन्यांतच त्यांनी मतदानाने नगरसेवकांना घरी बसवलं.

रागवायला, प्रश्न विचारायला तिथले लोक तयारच होते. त्यांच्यापर्यंत माहिती पोचत नव्हती, एवढीच अडचण होती. म्हणूनच स्थानिक बातमीदारी टिकवणं हे एकट्यादुकट्या पत्रकाराच्या अंगावर टाकायचं काम नाही असं मला ठामपणे वाटतं. ज्यांना बातमी हवी त्यांनीच ती जगवायला एकत्र आलं पाहिजे. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी 1 : आधी दीड-दोन महिने फक्त ऐका

बहुतेक उपक्रम इथेच फसतात. चार उत्साही मंडळी जमतात, नाव ठरतं, बोधचिन्ह तयार होतं, पहिला अंक निघतो आणि तिसऱ्या अंकाला वाचक नसतात. लोकांना काय हवंय, हे कुणी विचारलेलंच नसतं.

विचारायचं कसं, यालाही महत्त्व आहे. “तुम्हाला कोणत्या बातम्या आवडतील?” असं विचारलंत तर समोरचा माणूस भिडेखातर काहीतरी बरं बोलून मोकळा होईल. त्यापेक्षा हे तीन प्रश्न विचारा. गेल्या काही महिन्यांत कोणती गोष्ट तुम्हाला उशिरा कळली आणि त्यापायी तुमचं नुकसान झालं? एखाद्या गोष्टीची खात्री करायची असेल तर तुम्ही कुणाला विचारता? आणि आपल्या भागाबद्दल बाहेरचे लोक जे बोलतात, त्यातलं काय चुकीचं आहे? पहिल्यातून विषय मिळतात. दुसऱ्यातून लोकांचा विश्वास कुणावर आहे ते कळतं. तिसऱ्याचं उत्तर देताना माणसं मन मोकळं करतात.

किमान 50 जणांशी बोला. ओळखीच्यांतच फिरू नका. रात्रपाळी करणारे, नुकतेच राहायला आलेले, घराबाहेर फारसे न पडणारे वृद्ध, शाळकरी मुलं यांच्यापर्यंत मुद्दाम जा. प्रत्येकाची भाषा कोणती, वाचतो की ऐकतो, फोन कसला, हेही वहीत टिपा. 2010 मध्ये मध्य भारतात ‘सीजीनेट स्वर’ सुरू झालं, ते याच विचारातून. वाचता न येणाऱ्या, गोंडी बोलणाऱ्या लोकांना साध्या मोबाइलवरून आपली बातमी रेकॉर्ड करता यावी आणि पडताळणीनंतर ती इतरांना फोनवरच ऐकता यावी, अशी ती सोय. ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र 2002 मध्ये चित्रकूटमध्ये ग्रामीण महिलांनी सुरू केलं आणि बातमी लिहिली ती बुंदेली बोलीत. माध्यम आणि भाषा आधी ठरवून मग त्यात लोकांना बसवलं असतं, तर हे दोन्ही उपक्रम लोकांपर्यंत पोचलेच नसते.

पायरी 2 : आधीपासून काम करणाऱ्यांना भेटा

तुमच्या भागात कुणीतरी हे काम आधीच करत असतं. तुटपुंज्या मानधनावर बातम्या पाठवणारा वार्ताहर, जुनी कात्रणं जपणाऱ्या ग्रंथपाल, सामुदायिक रेडिओवरची मुलं, फोटो काढत फिरणारी एखादी विद्यार्थिनी. त्यांना आधी भेटा आणि त्यांचं कुठे अडतं ते विचारा. बहुतेकदा अडलेलं असतं प्रवासखर्चापाशी, एखाद्या वकिलाच्या सल्ल्यापाशी किंवा कागदपत्रं वाचायला लागणाऱ्या वेळेपाशी. तेवढं जरी पुरवता आलं, तरी नवं काही काढायची गरज उरणार नाही.

पायरी 3 : पहिली बैठक

व्यासपीठ नको, सत्कार नकोत, भाषणं तर नकोतच. सात-आठ जणांची गोल मांडणी करा आणि प्रत्येक गोलात एक पत्रकार बसवा. पहिला अर्धा तास पत्रकाराने फक्त ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. लोकांचे आक्षेप कडवट असतील. ‘तुम्ही फक्त भांडणं झाली की येता’ हे वाक्य हमखास ऐकू येईल. खुलासे देत बसू नका.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये ‘फ्री प्रेस’ या संघटनेने 2015 पासून नागरिक आणि पत्रकारांच्या अशाच बैठका गावोगाव घेतल्या. त्यातून पुढे लोकांनी मागणी लावून धरली आणि 2018 मध्ये स्थानिक माहिती व बातमीदारीला सार्वजनिक निधी देणारी संस्था उभारण्याचा कायदा त्या राज्यात झाला.

बैठक संपताना तीन गोष्टी हातात असायला हव्यात : लोकांनी निवडलेले तीन प्रश्न, प्रत्येक प्रश्नामागे लागणाऱ्या दोन माणसांची नावं आणि पुढच्या भेटीची तारीख. तारीख न ठरवता उठलात, तर तीच माणसं पुन्हा जमवायला दुप्पट कष्ट पडतील.

पायरी 4 : पाळी लावून बैठकांना बसा

शोधपत्रकारितेने सुरुवात करू नका. शिकागोतली ‘सिटी ब्यूरो’ ही संस्था सामान्य रहिवाशांना प्रशिक्षण आणि मोबदला देऊन सरकारी बैठकांना पाठवते आणि त्यांची टिपणं सगळ्यांसाठी खुली करते. हे काम कुणालाही शिकता येतं आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो. रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलणारे आणि वही उघडून बसलेल्या माणसासमोर बोलणारे लोकप्रतिनिधी वेगळ्या पद्धतीने बोलतात.

नेहमी दोघांनी जा. बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी मिळवा. कोण हजर होतं, कोणता ठराव आला, किती रकमेचा, बाजूने कोण, विरोधात कोण, कोणता विषय पुढे ढकलला, एवढं लिहा. ढकललेल्या विषयांची यादी वेगळी ठेवा. चांगल्या बातम्या बहुधा तिथेच सापडतात. आपलं मत टिपणात मिसळू नका. समजलं नाही तिथे ‘हे कळलं नाही’ असं स्पष्ट लिहा, अंदाजाने भर घालू नका. परतल्यावर दोघांनी टिपणं ताडून पाहा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत लोकांपुढे ठेवा.

पायरी 5 : माणसांच्या गोष्टी जमवा, पण संमतीने

बैठका आणि ठराव म्हणजे सगळा भाग नव्हे. कारखाना बंद पडला तेव्हा घरात काय झालं, पूर आला त्या रात्री कोण कुणाकडे राहिलं, ही आठवण सरकारी कागदात सापडत नाही. ‘स्टोरीकॉर्प्स’ने 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक छोटी खोली उभारली. ओळखीची दोन माणसं तिथे येऊन सुमारे 40 मिनिटं एकमेकांशी बोलायची आणि त्यांच्या संमतीने ते बोलणं ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन व्हायचं. ही रीत मला फार आवडते, कारण इथे प्रश्न विचारणारा परका नसतो. नात विचारते आणि आजोबा सांगतात.

संमती दोनदा घ्या, एकदा रेकॉर्डिंगच्या आधी आणि एकदा माणसाने स्वतःचं बोलणं ऐकल्यावर. भावनेच्या भरात निघून गेलेलं वाक्य काढून टाकायचा हक्क त्यालाच आहे. हा हक्क आपल्या सुखदुःखाची गोष्ट सांगणाऱ्याचा. सार्वजनिक पदावरच्या माणसाने अधिकृतपणे दिलेलं उत्तर मात्र नंतर गैरसोयीचं वाटतं म्हणून पुसता येत नाही. हा फरक गटातल्या प्रत्येकाला नीट समजावून सांगा.

पायरी 6 : पडताळणीचे नियम लिहून काढा

एका पानावर मावतील इतकेच. ज्याच्यावर आरोप, त्याला बोलायची संधी. ऐकीव गोष्टीला कागदाचा किंवा दुसऱ्या स्वतंत्र व्यक्तीचा आधार. अल्पवयीन मुलांची आणि अत्याचारग्रस्तांची ओळख उघड करायची नाही. चूक झाली तर मूळ मजकूर जिथे दिला, तिथेच आणि तितक्याच ठळकपणे दुरुस्ती. बदनामीच्या कायद्यात बसू शकेल असं काही असेल, तर आधी वकिलाची नजर.

पायरी 7 : पैसा अनेक हातांतून येऊ द्या

इथे अवघडल्यासारखं वाटून घेऊ नका. बातमीला खर्च लागतो आणि तो लोकांकडे मागण्यात कमीपणा नाही. एखादा उदार देणगीदार सगळा भार उचलायला तयार असला, तरी नम्रपणे नाही म्हणा. पुढे त्याच्याविषयीची बातमी समोर आली, की तुमची लेखणी अडखळेल. एका व्यक्तीकडून एकूण खर्चाच्या किती टक्क्यांपर्यंत घ्यायचं, ते सुरुवातीलाच ठरवा.

बर्लिनचं ‘टाझ’ हे दैनिक 1992 पासून सहकारी तत्त्वावर चालतं. त्याचे 20 हजारांहून अधिक सभासद आहेत. ब्रिटनमधलं ‘ब्रिस्टल केबल’ 2014 मध्ये सुरू झालं, तेही सभासदांच्या मालकीचं. दोन्हीकडे भांडवल कितीही घातलं तरी मत एकच. सभासदांनी धोरण ठरवावं, हिशेब तपासावा, पण कोणती बातमी छापायची हे संपादकांवरच सोडावं. ही सीमा लेखी असू द्या आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर ठेवा.

‘आम्ही पैसे का द्यायचे?’ असं कुणी विचारलं तर एक अभ्यास सांगा. गाओ, ली आणि मर्फी या संशोधकांना अमेरिकेतली आकडेवारी तपासताना दिसलं की स्थानिक वृत्तपत्र बंद पडल्यावर तिथल्या प्रशासनाला मिळणाऱ्या कर्जाचा व्याजदर 0.05 ते 0.11 टक्क्यांनी वाढतो. लक्ष ठेवणारं कुणी नाही म्हटल्यावर कर्ज देणारेही जास्त मागतात, आणि ते व्याज भरतात करदातेच.

पायरी 8 : दबाव येण्याआधीच तयारी करा

काम नीट चाललं तर दबाव येणारच. जाहिरात काढून घेतली जाईल, नोटीस येईल, बातमीदाराच्या घरच्यांना ‘समजावलं’ जाईल. अशा वेळी एकटं पडण्याचं भय सर्वांत मोठं असतं, आणि गट खरा उपयोगी पडतो तो इथे.

पहिला फोन कुणाला करायचा, हे आजच ठरवा. तो फोन रात्री दोनलाही उचलणारी तीन माणसं निवडा. त्यात एक वकील असावा आणि एक अशी व्यक्ती असावी, जिच्या शब्दाला भागात मान आहे. मूळ कागद आणि रेकॉर्डिंगच्या प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. धमकी तोंडी असेल तर तारीख, वेळ आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून दोघांच्या सह्या घ्या. बातमीदाराला कार्यालयात किंवा चौकशीला बोलावलं, तर त्याला एकट्याने जाऊ देऊ नका. दहा-बारा जणांनी बरोबर जा, बाहेर शांतपणे बसा आणि तो परत येईपर्यंत उठू नका.