लिनक्स टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा

लातूरला भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जुना कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा पीसी आहे, रॅम 2 जीबी, आणि शेजारी नवा कोरा पीसी. दोन्हीवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून, चालवलं. लाइव्हमध्ये आपण होऊन इन्स्टॉलवर क्लिक करेपर्यंत हार्ड डिस्कला धक्का लागत नाही.

जुन्या डब्यावर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, जड सिनॅमन नको. मशीन सुरू झालं, पण ब्राउझर एकही साइट उघडेना. मी उगाच अर्धा तास वायफायच्या मागे लागलो. घड्याळ पाहिलं तर साल 2007! बोर्डावरचा सीआर 2032 सेल मेलेला, आणि तारीख चुकली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं अमान्य ठरतात. सेल बदलला, काम झालं. चार टॅब उघडल्यावर मात्र ते धापा टाकतंच. रॅम 4 जीबी केलेली बरी.

नव्या पीसीचं दुखणं उलटं. वायफाय दिसलंच नाही, कारण कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा, वायफायच्या चिपपेक्षा जुना. नवा कर्नल असलेली आवृत्ती घ्या. आवाज, प्रिंटर आणि स्लीपमधून जागं होणं लाइव्हमध्येच तपासा.

इन्स्टॉल करताना मशीन इन्व्हर्टरवर ठेवा. आपल्याकडची लाइट सांगून जात नाही.