गाडीच्या काचेवरचे ओरखडे कसे घालवावेत: कोणते घासायचे, कोणते सोडून द्यायचे

ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीवर उभ्या, एकमेकींना समांतर रेघा पडल्या असतील, तर त्यांचं कारण बहुतेक वेळा दाराच्या कडेलाच असतं. काच दारात उतरते तिथे रबराची पट्टी असते, गॅरेजवाले तिला बीडिंग म्हणतात. या पट्टीत धूळ साठते. सिग्नलला, पार्किंगची चिठ्ठी घेताना, काच दिवसातून कितीतरी वेळा खालीवर होते आणि पट्टीत अडकलेला वाळूचा कण दर वेळी त्याच जागेवरून फिरतो. मोह्सच्या मापावर (आकडा मोठा तितका पदार्थ कठीण) काचेची कठिणता साधारण 5.5 आणि वाळूतल्या क्वार्ट्झची 7. काच हरणारच.

अशा बारीक रेघा घरी घालवता येतात. पण घासायला बसण्याआधी कोणत्या ओरखड्याला हात लावायचा नाही ते ठरवलं पाहिजे. ओरखडा परवडला, पण घासून खड्डा पडलेली काच परवडत नाही.

आधी नीट बघा

काच शाम्पूने धुऊन कोरडी करा. कधीकधी जो ओरखडा वाटतो तो बोअरच्या पाण्याचा क्षार असतो. कापसावर पांढरं व्हिनेगर घेऊन पाच-दहा मिनिटं त्या जागी धरा आणि पुसा. डाग फिकट झाला तर तो क्षारच, पॉलिशची गरज नाही.

रेघ खरंच काचेवर असेल तर ती आतून आहे की बाहेरून, हे टॉर्च तिरपा धरून बघा. आतल्या बाजूला फिल्म असेल तर ओरखडा फिल्मवरही असू शकतो. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हा पुष्कळ गाड्यांच्या फिल्म ब्लेडने खरवडून काढल्या गेल्या. त्या काळातल्या गाडीत आतून आडव्यातिडव्या रेघा दिसल्या तर त्या ब्लेडच्या असू शकतात. मागच्या काचेवर आतल्या बाजूला डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा छापलेल्या असतात, तिथे आतून काहीही घासू नका.

आता नखाची परीक्षा. ओरखड्याला आडवं नख फिरवा. नख न अडखळता सरकलं तर रेघ उथळ आहे, ती जाईल. किंचित जाणवलं तर फिकट होईल, पूर्ण जाईलच असं नाही. नख स्पष्ट अडकलं तर ती रेघ सोडून द्या. ती घालवायची तर आजूबाजूची काच तितकीच खोल उतरवावी लागते. मग तिथून पलीकडचं दृश्य वाकडं दिसायला लागतं.

टूथपेस्ट का चालत नाही

घरोघरी हा उपाय सुचवला जातो, म्हणून थोडं सविस्तर. बऱ्याच टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी असते. तिची कठिणता 3 च्या आसपास, ती काच कापू शकत नाही. घासल्यावर रेघ कमी झाल्यासारखी वाटते, कारण तिच्यातला मळ निघतो आणि पेस्टचा पांढरा अंश तिच्यात भरतो. गाडी एकदा धुतली की रेघ पुन्हा हजर. बॉडीसाठीचं रबिंग कंपाउंडही रंगाच्या थरासाठी बनवलेलं असतं, काचेवर त्याचा उपयोग नाही.

काचेला लागतं ते सिरियम ऑक्साइड. चष्म्याची भिंगं आणि दुर्बिणीचे आरसे यानेच चमकवतात. दुर्बीण स्वतः बनवणाऱ्या हौशी खगोलप्रेमींना ही फिकट गुलाबी किंवा तपकिरी भुकटी चांगली परिचयाची असते. हे ऑक्साइड साधारण काचेइतकंच कठीण आहे, तरी काम करतं, कारण ते नुसतं खरवडत नाही. पाण्यामुळे काचेचा अगदी वरचा थर मऊ होतो आणि सिरियम त्यातल्या सिलिकाला धरून अतिसूक्ष्म प्रमाणात काढून नेतं. म्हणून पाण्याशिवाय हे काम होतच नाही.

काय काय लागेल

सिरियम ऑक्साइडची भुकटी, फेल्टचं (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं) गोल पॅड, ते बसवायची पॅडची बैठक आणि वेग कमीजास्त करता येणारी ड्रिल मशीन. शक्यतो बॅटरीवरची मशीन घ्या, पाण्याजवळ वायरची मशीन चालवणं धोक्याचं. अँगल ग्राइंडर अजिबात नको. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो आणि आपल्याला हवेत हजार-बाराशे. याशिवाय मास्किंग टेप, जुनं प्लास्टिक, पाण्याचा स्प्रे, दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, मार्कर, मास्क आणि चष्मा. पॅड नवंकोरं हवं. आधी कुठे वापरलेलं असलं तर त्यात अडकलेला एक खडा नव्या रेघा काढून ठेवतो.

काम

सकाळी किंवा संध्याकाळी सावलीत बसा. उन्हात तापलेल्या काचेवर हे काम करायचं नाही आणि तापलेल्या काचेवर गार पाणी तर ओतायचंच नाही.

काच आतून मार्करने खुणावून घ्या, कारण सिरियमचं पाणी पडल्यावर रेघ कुठे होती तेच सापडत नाही. बाहेरून रंग, आरसा आणि बीडिंग टेपने झाका, खाली दारावर प्लास्टिक लावा. सुकलेलं सिरियम रबराच्या फटीत बसलं की काढताना जीव जातो.

भुकटी वाटीत घ्या आणि स्वच्छ गाळलेलं पाणी थोडं थोडं घालून लस्सीइतकं दाट कालवा. भुकटी उडवू नका, मास्क लावूनच कालवा. पॅड आधी पाण्याने ओलं करून मग त्यावर हे मिश्रण लावा. मशीन बंद असतानाच पॅड काचेला टेकवा आणि मग चालू करा, नाहीतर शिंतोडे छतापर्यंत जातात.

आता वेग हजारच्या आसपास ठेवून पॅड सपाट फिरवा, मध्यम दाबाने. पॅडची कड टेकवू नका आणि एका जागी थांबू नका. रेघेच्या चारी बाजूंना तळहाताएवढी जागा जास्त घ्या आणि कडेकडे दाब हलका करत जा, म्हणजे घासलेला भाग आणि न घासलेला भाग यांत पायरी पडणार नाही. मिश्रण थोडं सुकायला लागलं की पॅड काचेला धरल्यासारखं ओढतं. काच कापली जाते ती याच वेळी, पण काच तापतेही याच वेळी. तिथेच पाण्याचा एक फवारा मारा. पूर्ण कोरडं, खडूसारखं होऊ देऊ नका.

दर मिनिटा-दीड मिनिटाने थांबून हाताची मागची बाजू काचेला लावा. कोमट लागली तर चालेल, चटका बसायला लागला तर मशीन बाजूला ठेवा आणि काच आपोआप गार होऊ द्या. एकाच जागी उष्णता साठली की काच तडकू शकते.

पाच-सहा मिनिटांच्या फेरीनंतर सगळं पुसून, कोरडं करून टॉर्चने बघा. एका उथळ रेघेला अर्धा ते एक तास लागणं अगदी स्वाभाविक आहे. दाब वाढवून वेळ वाचत नाही.

रेघ पाहताना आणखी एक गोष्ट तपासा, तीच जास्त महत्त्वाची. आत बसून काचेतून समोरच्या इमारतीच्या गॅलरीचे गज किंवा विजेची तार बघा आणि डोकं हळूहळू डावीउजवीकडे हलवा. सरळ गज घासलेल्या भागातून जाताना लवला, लाटेसारखा हलला, तर तिथे काच खोल गेली आहे. लगेच थांबा, रेघ शिल्लक असली तरी. हा खोलगटपणा परत भरून येत नाही.

पुढची काच वेगळी

बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या एकेरी काचा असतात, पुढची लॅमिनेटेड: दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. काचेच्या कोपऱ्यातल्या छापावर सहसा तसं लिहिलेलंही असतं. लॅमिनेटेड काच जास्त तापवली तर मधला पडदा सुटून बुडबुडे दिसायला लागतात. शिवाय रात्री समोरच्या गाडीचे दिवे घासलेल्या भागात पसरतात. म्हणून ड्रायव्हरच्या नजरेसमोरचा पट्टा मी घरी घासायला सांगणार नाही. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाडीत कॅमेऱ्यासमोरचा भागही तसाच ठेवा. कडेला असलेल्या वायपरच्या हलक्या रेघांवर वरची पद्धत चालते, फक्त वेग आणखी कमी ठेवा.

दगड उडून पडलेला टिचका हा ओरखडा नव्हे. तो घासायचा नसतो, त्यात रेझिन भरतात, आणि तो लहान असेपर्यंतच भरून घ्यावा. तडा पुढे पसरला तर काच बदलावीच लागते. सर्वसमावेशक विम्यात काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापत नाहीत, पण दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो. तेव्हा आधी काचेची किंमत विचारा आणि मग ठरवा. वापराने पडलेल्या ओरखड्यांसाठी मात्र विमा मिळत नाही.

रेघा पुन्हा पडू नयेत म्हणून

सोसायटीत रोज पहाटे गाडीवर कोरडा कपडा मारला जातो, तो आधी बंद करा. एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात आणि प्रत्येकीची धूळ पुढच्या गाडीला जाते. काचेवर आधी पाणी सोडा, मग पुसा. पंधरवड्यातून एकदा बीडिंगची फट जुन्या टूथब्रशने आणि पाण्याने साफ करा. तिथून निघालेलं काळं पाणी वाटीत धरून ठेवलं तर तळाशी वाळू बसलेली दिसते.

वायपरचं रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतं. वळवाची पहिली सर येते तेव्हा काचेवर महिनोन्‌महिन्यांची धूळ असते आणि पाणी चार थेंब. त्यात वायपर लावला की अर्धवर्तुळाकार रेघ पडते. वायपरचं रबर मेच्या शेवटीच बदलून घ्या, वॉशरची टाकी भरलेली ठेवा, आणि पहिल्या सरीत आधी वॉशरचं पाणी भरपूर मारून मगच वायपर फिरवा.