सिलिकॉन नॅनोवायरवर पीएसए मोजायचंय? आधी मिठाचं बघा

पीएसए म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीत रक्तात मोजलं जाणारं प्रोटीन. ते मोजताना बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सेन्सर झकास चालतो आणि सीरम (रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढून उरलेला द्रव) टाकलं की गप्प, मग सगळे चिपला दोष देतात, पण खरा घोळ बहुतेक वेळा मिठाचा असतो.

नॅनोवायर म्हणजे ट्रान्झिस्टरच, फक्त गेटच्या जागी द्रव. वायरवरच्या अँटीबॉडीला (ठरावीक रेणूच पकडणाऱ्या प्रोटीनला) चार्जवाला रेणू चिकटला की करंट बदलतो. पण रक्तात साधारण १५० मिलिमोलर मीठ, त्यातले आयन तो चार्ज झाकून टाकतात आणि पाऊण नॅनोमीटरच्या पलीकडचं वायरला काही कळतच नाही, आता अँटीबॉडीच १० नॅनोमीटरच्या आसपास, तिच्या टोकावरचा पीएसए कळणार कसा? म्हणून सीरम आधी डिसॉल्टिंग कॉलममधून (मीठ वेगळं करणाऱ्या नळीतून) काढा आणि १०० पट पातळ केलेल्या पीबीएसमध्ये (नेहमीच्या फॉस्फेट-मिठाच्या बफरमध्ये) मोजा, तिथे हेच अंतर ७ नॅनोमीटरच्या वर जातं. पूर्ण अँटीबॉडीऐवजी तिचा फॅब तुकडा (रेणू पकडणारा छोटा भाग) लावलात तर अजून बरं, पीएसए वायरच्या जवळ येतो.

कोटिंग नेहमीचंच: ऑक्सिजन प्लाझ्मा, एपीटीईएस (पृष्ठभागावर अमाइन गट लावणारं सिलेन), त्याला अँटीबॉडी जोडणारं ग्लुटारअल्डिहाइड, अँटीबॉडी, शेवटी उरलेल्या जागा इथेनॉलअमाइनने बंद. एपीटीईएसला दमट हवा अजिबात चालत नाही, थर जाड होतो आणि अँटीबॉडी वायरपासून अजून लांब जाते, त्यामुळे पावसाळ्यात हे काम ग्लोव्हबॉक्समध्येच (कोरड्या हवेच्या बंद पेटीत) करा, प्लीज.

मोजताना सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स इलेक्ट्रोड वापरा, नुसती प्लॅटिनमची तार नको, तिच्यावर प्रोटीन बसलं की तिचंच व्होल्टेज सरकतं. आधी ट्रान्सफर कर्व्ह (गेट व्होल्टेजप्रमाणे करंट कसा बदलतो तो आलेख) काढा, वायर सबथ्रेशोल्डमध्ये (ती पूर्ण चालू होण्याच्या व्होल्टेजच्या खाली) ठेवा, बेसलाइन स्थिर होईपर्यंत सॅम्पल सोडू नका. आणि पातळ बफर पीएच नीट धरून ठेवत नाही हे विसरू नका, पीएच ०.१ ने हलला तरी ६ मिलिव्होल्टपर्यंत खोटा सिग्नल येऊ शकतो! दर वेळी सॅम्पल आणि बफर दोन्हींचा पीएच तपासा.

आता कंट्रोल, म्हणजे सिग्नल खरा आहे का याची पडताळणी. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००५ मध्ये पी (पॉझिटिव्ह चार्ज वाहणाऱ्या) आणि एन (इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या) दोन्ही प्रकारच्या वायर एकाच चिपवर लावल्या होत्या, मला ही आयडिया फार आवडते. पीएच ७.४ ला पीएसए किंचित निगेटिव्ह असतो, म्हणजे खरंच चिकटला तर पी वायरचा करंट वाढणार आणि एनचा कमी होणार, दोन्ही एकाच दिशेला गेले तर ते रीडिंग सरळ फेकून द्या. बिनाअँटीबॉडीची एक वायर तरीही ठेवाच.

कॅलिब्रेशन बफरमध्ये करून सीरमला लावू नका. पीएसए नसलेल्या सीरममध्ये माहीत असलेलं प्रमाण मिसळून, ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या (पीएसए चाचणीतल्या नेहमीच्या सीमारेषेच्या) वरखाली पाच-सहा पॉइंट घ्या, आणि प्रत्येक पॉइंट निदान तीन वेगळ्या चिपवर.