संज्ञानात्मक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवताना या चुका टाळा

"कोणती टेस्ट लावू?" पदव्युत्तर वर्गात हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो आणि आपण लगेच उत्तर देऊन मोकळे होतो. इथेच घोळ सुरू होतो. उलट विद्यार्थ्यालाच विचारा: तुझ्या डेटाशीटमधली एक ओळ म्हणजे काय? एक माणूस, की एका माणसाने एकदा दाबलेली कळ?

स्ट्रूपचा प्रयोग घ्या: रंगाचं नाव कधी त्याच, कधी वेगळ्या रंगात दिसतं (या दोन स्थिती) आणि अक्षरांचा रंग ओळखून कळ दाबायची. 30 सहभागी, प्रत्येकाच्या 200 ट्रायल (म्हणजे 200 वेळा कळ दाबणं), म्हणजे 6000 ओळी. विद्यार्थी सरळ दोन स्वतंत्र गटांची टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) लावतो, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) इवलीशी येते आणि तो खूश होतो. अशा वेळी त्याला डिग्रीज ऑफ फ्रीडम (ढोबळमानाने, निकाल किती स्वतंत्र मोजमापांवर उभा आहे तो आकडा) मोठ्याने वाचायला लावा: 5998. आणि माणसं किती होती? तीस! एखादा मुळातच सावकाश असेल, तर त्याचे दोनशेच्या दोनशे प्रतिसाद सावकाशच येणार. ते एकमेकांपासून स्वतंत्र कसे? प्रत्येकाच्या दोन स्थितींच्या दोन सरासऱ्या काढून पेअर्ड टी-टेस्ट केली की तोच आकडा 29 वर येतो. हे स्वतःच्या हाताने केलेल्या मुलाला मिक्स्ड मॉडेलची (माणसामाणसांतले फरकही हिशेबात धरणाऱ्या मॉडेलची) गरज वेगळी पटवावी लागत नाही. शब्द वापरून केलेल्या प्रयोगांत तर शब्दसुद्धा भाषेतल्या असंख्य शब्दांतून निवडलेला नमुनाच असतात. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क यांनी 1973 सालीच हे बजावलं होतं, तरी अजून ते शिकवायचं राहून जातं.

दुसरी चूक म्हणजे साफसूफ केलेला डेटा हातात देणं. कच्ची फाइल द्या. त्यात 40 मिलिसेकंदांचा एखादा प्रतिसाद सापडू दे. रंग ओळखून कळ दाबायला एवढा वेळ पुरत नाही, हे मुलं आपणच ओळखतात. उजवीकडे लांब शेपूट असलेला आलेखही त्यांनी आधी पाहावा, मगच सरासरीबद्दल बोलावं. कोणत्या ट्रायल गाळायच्या हे मात्र निकाल पाहण्याआधी ठरवून लिहून ठेवायला लावा.

पी-व्हॅल्यूची व्याख्या पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. पी-व्हॅल्यू म्हणजे "शून्य परिकल्पना (फरक नाहीच, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता" हा गैरसमज पाठांतराने जात नाही. काहीच फरक नसलेला डेटा संगणकावर 1000 वेळा तयार करायला सांगा. सुमारे 50 वेळा पी 0.05 च्या खाली दिसेल. मग दर दहा सहभागींनंतर डोकावून, निकाल "आला" की थांबायला सांगा. चुकीचे निकाल किती वाढले, हे पाहून वर्ग गप्प होतो.

मिक्स्ड मॉडेल कन्व्हर्ज झालं नाही, म्हणजे संगणकाला स्थिर उत्तर सापडलं नाही, तर मुलं इशारा नाहीसा होईपर्यंत एकेक रँडम स्लोप (परिणाम माणसागणिक वेगळा असू देणारा घटक) काढत सुटतात. आधी चलांचे एकक पाहायला सांगा, एखाद्या सहभागीची एखादी स्थितीच रिकामी नाही ना, ते तपासायला सांगा. तरीही मॉडेल सोपं करावं लागलंच, तर काय काढलं आणि का, हे अहवालात आलंच पाहिजे.