कॅबच्या अपघातानंतर झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांच्या कागदावर येऊ द्या

नाशिकच्या द्वारका चौकात ॲपवरच्या कॅबला धडक बसली, हाड मोडलं नाही. घरचे म्हणतात, ‘थोडक्यात निभावलं.’ पण महिना उलटला तरी हॉर्न ऐकून छातीत धडधडतं, स्वप्नात तोच ब्रेकचा आवाज येतो, साध्या रिक्षात बसायचंही टाळावंसं वाटतं, तर तो भित्रेपणा नव्हे. आघातानंतरचा मानसिक त्रास असाच असतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

पहिल्याच भेटीत अपघाताची तारीख सांगा आणि ती केसपेपरवर लिहून घ्या. नुसतं ‘झोप येत नाही’ एवढंच लिहिलं गेलं, तर पुढे त्या त्रासाचा अपघाताशी संबंध दाखवणं फार जड जातं. मुका मार, खरचटणं यांचीही नोंद हवीच, कारण मोटार अपघाताचा दावा शारीरिक इजेवर उभा राहतो. मनाचा त्रास, औषधं, बुडालेली रोजी त्याला जोडून मागायची. ॲपमधली ट्रिपची पावती आणि गाडीचा नंबर यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. एफआयआरची प्रत घ्या.

दावा जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालक, मालक आणि विमा कंपनीविरुद्ध करतात. अपघात मुंबईला झाला असला, तरी तुम्ही नाशिकला राहत असाल तर इथे करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून बरं वाटेपर्यंत थांबू नका. वकिलाची फी झेपत नसेल तर तिथल्याच विधी सेवा प्राधिकरणात विचारा.