गाईड शोधताय? पेपरचा आकडा राहू द्या, सप्लिमेंटरी फाईल उघडा

मेडिसिनल केमिस्ट्रीत पीएचडी करायचं ठरलं की गाईड शोधणं सुरू होतं आणि मग बहुतेक जण प्रोफाईल उघडून पेपर किती, सायटेशन (इतरांनी त्या पेपरांचे दिलेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती एवढं बघून टॅब बंद करतात. मी ऑरगॅनिक सिंथेसिसमधून मेडिसिनलकडे आलेय, दोन्हीकडचे पेपर भरपूर वाचलेत, आणि माझं मत ठाम आहे की आकड्यांवरून केमिस्टचं काम कळत नाही. एच-इंडेक्स २० म्हणजे २० पेपर असे, ज्यांना प्रत्येकी किमान २० सायटेशन आहेत, बस. २००५ मध्ये हिर्श या फिजिसिस्टने हे माप मांडलं. तो आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे नुकतीच लॅब सुरू केलेल्या गाईडची तुलना सीनियरशी करूच नका. आणि लिस्टमधले रिव्ह्यू (आधी झालेल्या कामाचा आढावा घेणारे पेपर) आधी बाजूला काढा, त्यांना सायटेशन भराभर मिळतात पण त्यात लॅबमध्ये काय बनवलं ते दिसत नाही.

टोटल सिंथेसिसवाल्यांचे, म्हणजे एखादा अवघड मॉलिक्यूल साध्या केमिकलपासून पूर्ण बनवणाऱ्यांचे, पेपर कमीच असतात. एकाच मॉलिक्यूलच्या वीस-पंचवीस स्टेप्स, त्यातली शेवटून तिसरी अडली की परत मागून मटेरियल आणायचं, यात वर्षं जातात आणि हातात पेपर येतो एक. मेथडॉलॉजीत, म्हणजे नव्या रिअॅक्शन शोधण्याच्या कामात, पेपर त्या मानाने लवकर येतात. म्हणून लिस्ट छोटी दिसली की लगेच नाव खोडू नका.

आता खरी गोष्ट, सप्लिमेंटरी फाईल, म्हणजे पेपरला जोडलेली प्रयोगांच्या सविस्तर डेटाची फाईल. कुठलाही एक फायनल कंपाउंड निवडा आणि त्याचाच डेटा नीट वाचा: किती मिलिग्रॅम घेतलं, किती मिलिमोल, यील्ड, प्रोटॉन आणि कार्बन एनएमआर (यावरून स्ट्रक्चर कळतं), एचआरएमएस (अचूक मास). मग प्रोटॉन एनएमआरच्या स्पेक्ट्रमचं चित्र बघा. क्लोरोफॉर्म-डीमध्ये सॉल्व्हंटचं पीक ७.२६ पीपीएमला येतं, पाण्याचं १.५६ च्या आसपास, आणि कॉलमनंतर (कंपाउंड शुद्ध करायची पायरी) नीट ड्राय केलं नसेल तर ४.१२, २.०५ आणि १.२६ ला इथाइल अॅसिटेट दिसतंच दिसतं. थोडं सॉल्व्हंट राहिलं तर फार बिघडत नाही, पण स्ट्रक्चरमधले प्रोटॉन मोजून इंटिग्रेशन जुळतंय का ते बघा, आणि बेसलाईन अगदी रेघेसारखी सपाट, नॉइज शून्य, असं दिसलं तर चित्र एडिट केलंय अशी मला शंका येते. ज्या कंपाउंडची बायोलॉजिकल टेस्ट झालीये त्याची प्युरिटीही शोधा. जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री किमान ९५ टक्के मागतं आणि ते बरोबरच आहे, कारण उरलेल्या भागात एखादी जबरदस्त पोटंट इम्प्युरिटी असली तर श्रेय भलत्याच मॉलिक्यूलला जातं.

मग एसएआरचं टेबल, म्हणजे स्ट्रक्चर बदललं की अॅक्टिव्हिटी कशी बदलते ते दाखवणारं. चांगल्या टेबलात प्रत्येक बदलाला कारण असतं, म्हणजे एनएच वर मिथाइल लावला कारण तिथला हायड्रोजन बाँड गरजेचा आहे का ते बघायचं होतं, अॅक्टिव्हिटी गेली, म्हणजे होता. असा मेलेला (अॅक्टिव्हिटी गेलेला) कंपाउंड टेबलात दिसला की मला त्या लॅबबद्दल आदर वाटतो. सगळेच कंपाउंड अॅक्टिव्ह, पॉझिटिव्ह कंट्रोल (तुलनेसाठी आधीच माहीत असलेलं औषध) नाही, नॉर्मल सेल लाईनवर काही केलं नाही, आणि मेकॅनिझमच्या नावाखाली फक्त डॉकिंगचा (मॉलिक्यूल प्रोटीनमध्ये कसा बसेल याचा कॉम्प्युटरवरचा अंदाज) स्कोअर, अशा पेपरांचीच लिस्ट लांबलचक असेल तर जपून. पेन्स (PAINS) म्हणजे काय तेही माहिती करून घ्या, २०१० मध्ये बेल आणि हॉलोवे यांनी असे स्ट्रक्चर वेगळे काढून दाखवले जे वाट्टेल त्या टेस्टमध्ये (assay) खोटे हिट देतात, रोडॅनिन हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. तसलंच स्कॅफोल्ड (मॉलिक्यूलचा मूळ सांगाडा) घेऊन दरवेळी नवा टार्गेट सांगणारी लॅब मी तरी टाळेन.

पेटंट नवीन मुलं बघतच नाहीत. अॅप्लिकेशन साधारणपणे पहिल्या फाईलिंगनंतर १८ महिन्यांनी पब्लिश होतं, त्यामुळे कंपनीबरोबर काम करणाऱ्या गाईडच्या लिस्टमध्ये मधेच रिकामी वर्षं दिसू शकतात. आणि हे आधीच माहीत असू द्या की फाईलिंगच्या आधी पोस्टरवर स्ट्रक्चर दाखवलं तर युरोपसारख्या ठिकाणी नॉव्हेल्टीच जाते, म्हणून कॉन्फरन्सला जाण्याआधी विचारायचंच. सांगितलेला कंपाउंड नुसता बनवून दिला म्हणून इन्व्हेंटर होता येत नाही, कल्पनेत वाटा लागतो. यावर नंतर लॅबमध्ये खूप कटुता येते, सुरुवातीलाच बोलून घ्या.

ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा वेगळा नंबर, पहिल्याच आठवड्यात काढा, इनिशियल आणि आडनाव सारखं असलेले लोक खूप असतात आणि पेपर दुसऱ्याच्या नावावर जाऊन बसतात.

आणि गाईडला मेल करताना "तुमच्या कामाने प्रभावित झालो" वगैरे लिहू नका. त्यांच्या एखाद्या पेपरमधला एक कंपाउंड घ्या आणि विचारा की याचा पॅरा-फ्लोरो अॅनालॉग (रिंगवर ठरावीक जागी फ्लोरीन लावलेला भाऊ) टेबलात नाहीये, बनवला नव्हता की बनला नाही? त्यावर मनापासून उत्तर आलं तर तिथे इंटरव्ह्यूला नक्की जा.